पूररेषेचा खिळा

महापूर आला की माणसं जीव मुठीत धरून नदीपासून लांब पळतात. शांभवी मात्र नेमकी उलट्या दिशेनं, कुरुंदवाडकडे निघाली होती. तीही हातोडी आणि पितळी खिळे घेऊन! राज्याचा नवा पूरनकाशा तयार होत होता आणि शांभवी त्याच्या मोजणी पथकात होती. पूरनिवारणाचा निधी कुठं जाणार, कुठली वस्ती आधी हलवायची, कुठं घर बांधायला बंदी घालायची, हे सगळं त्यातली लाल रेषा ठरवणार होती. ती रेषा खरी काढायची तर पाणी चढलेलं असतानाच भिंतीवर खूण ठोकायला हवी होती.

एवढी घाई कशाला? त्याला कारण होतं. मागच्या महापुरानंतर मापं घेणारी माणसं कुरुंदवाडच्या नदीकाठच्या नव्या वसाहतीत गेली, तेव्हा सगळ्या भिंती पांढऱ्याशुभ्र! चिखलाच्या रेघेचा मागमूस नाही. लाल रेषेत आलो तर प्लॉट मातीमोल होतील, या धास्तीनं लोकांनी चिखल वाळायच्या आत चुना मारला होता. "पाणी आलतं का?" असं विचारल्यावर सगळ्यांचं एकच उत्तर, "न्हाय बा, हितं कुठलं पाणी!" वसाहत तेव्हाच्या नकाशात रेषेबाहेर राहिली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून लोकांनी पेढे वाटले. आणि चुन्याची पहिली बादली कालवली होती शांभवीच्या वडिलांनी, रुद्रय्यांनी. किराणा दुकानात उभा जन्म काढून त्यांनी तिथं घर बांधलं होतं. शांभवी त्यांच्याशी कडाकडा भांडली होती. पण करते काय? आपलेच दात, आपलेच ओठ!

जयसिंगपूरकडून येणारा रस्ता जिथं पाण्यात शिरत होता, तिथून बोट सुटली. इंजिनावर इमामचाचा, पुढं मोजणीचं यंत्र सांभाळत तिचा सहकारी अमरसिंह, मध्ये शांभवी. दोन्हीकडच्या उसाची नुसती पानांची टोकं पाण्यावर हलत होती. एरवी ट्रॅक्टरवरच्या गाण्यांनी दणाणणारा तो मुलूख चिडीचूप झाला होता. कृष्णा कुठली, पंचगंगा कुठली, काही उमजेना. दोघींनी मिळून सगळं शिवार पोटात घेतलं होतं. एका बाभळीच्या शेंड्यावर साप आणि कोंबडी शेजारी शेजारी बसली होती आणि कुणी कुणाच्या वाटेला जात नव्हतं.

ओढ्याच्या तोंडाशी धार लागली. बोट आडवी झाली. खाड्कन इंजिन थांबलं. पंख्यात उसाचा पाला!

"वल्ही घ्या!" इमामचाचा ओरडले. "उजवीकडं दाबा!"

बोट ऐकेना. समोर विजेच्या तारा आल्या, छातीच्या उंचीवर!

"झोपा! झोपा समदी!"

तिघं बोटीच्या तळाला चिकटले. तार शांभवीच्या पाठीवरून सरकत गेली. वीज बंद केलेली असणार, हे तिला माहीत होतं. पण त्या घटकेला 'असणार' या शब्दाचा भरवसा कोण धरणार? बोट पलीकडं निघाली.  इंजिन पुन्हा सुरू होईना. राहिलेला पल्ला वल्ह्यांवरच काढावा लागला.

वसाहतीच्या गल्लीत शिरताच शांभवीनं वर पाहिलं. तिच्याच घराच्या गच्चीवर दोन माणसं उभी होती. अप्पा आणि शेजारची म्हातारी चाँदबी!

"अप्पा! मामाकडं गेलोय म्हणालासा की फोनवर!"

"तुला घोर नगं म्हणून म्हणालो," रुद्रय्या वरून ओरडले. "परवा बोट आलती न्यायला. परत धाडली. आपुन रेषेच्या भाईर हाय. सरकारी नकाशा हाय की!"

चाँदबी कुडकुडत होती. "मी निघालते, पोरी. तुझा बाप म्हणला, नकाशात हितं पाणीच न्हाय. म्हणून ऱ्हायले."

 शांभवीचा तोल सुटला. "रेघ पुसली कुणी, अप्पा? तुमच्या चुन्यावर काढलेला नकाशा हाय त्यो! आन् त्याच्यावरच इसंबून बसलायसा? वर ह्या म्हातारीलाबी बसवलंयसा?"

आपणच पसरवलेलं खोटं सरकारी शिक्का लागून परत आलं, तर ते माणसाला खरं वाटू लागतं. रुद्रय्यांचं तसंच झालं होतं.  ते चाँदबीला हाताला धरून बाहेरच्या जिन्यानं पाण्यापर्यंत आले, तिला अमरसिंहच्या हवाली केलं आणि मग स्वतः बोटीत उतरले.

"दुपारपास्नं पाणी ह्याच पायरीवर हाय," ते खाली मान घालून म्हणाले. "चढायचं थांबलंय."

म्हणजे पाणी शिगेला पोचलं होतं. खूण करायची ती आत्ताच! पाणी खिडकीच्या मधोमध होतं. शांभवीनं खिळा भिंतीला लावला, हातोडी उगारली. धारेनं बोट ओढली. घाव हुकला आणि खिळा पाण्यात गेला. तिनं दुसरा काढला. आता मात्र हातच वर जाईना. हा खिळा बसला की या घरावर एक वीट चढणार नाही, फुकट दिलं तरी कुणी ते घेणार नाही. अप्पांचा सगळा जन्म या भिंतीत होता. 

एकाएकी बोट स्थिर झाली. रुद्रय्यांनी वाकून खिडकीचे गज दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. कोपरापर्यंतचे हात गढूळ पाण्यात होते.

"मार," ते म्हणाले. "धरलंय मी."

तिनं मारला. खिळा भिंतीत रुतेपर्यंत मारत राहिली. अमरसिंहनं जागा आणि उंची नोंदवून घेतली.

अजून सगळ्या गल्ल्या राहिल्या होत्या. एका खिळ्यानं रेषा होत नाही, हे शांभवीला पुरतं ठाऊक होतं. पण चाँदबीचे ओठ निळे पडले होते, इंजिन बंद होतं आणि ओढ्याची धार परतताना पुन्हा ओलांडायची होती. तिनं पुढच्या भिंतींकडं एकदा पाहिलं.

"फिरवा, चाचा."

"व्हय, ताई. आधी म्हातारी," इमामचाचा म्हणाले आणि त्यांनी वल्हं दाबलं.

वल्ह्यांच्या जोरावर बोटीनं धार ओलांडली. रस्त्याची कडा दिसायला लागली, तेव्हा रुद्रय्या लेकीकडं न बघता म्हणाले, "पाणी उतराय लागलं की चुन्याच्या बादल्या भाईर निघतील. त्याच्या आत मला परत वसाहतीत घिऊन ये. कुणाकुणाच्या घरात चुना हाय, मला ठावं हाय. माझ्याच दुकानातनं गेलाय."