जागा शिल्लक नाही

यातलं काहीच मी स्वतः पाहिलेलं नाही, हे आधीच कबूल करतो.

पण जिने पाहिलं ती माझी आतेबहीण आहे, आणि तिला थापा मारता येत नाहीत. लहानपणी घरातलं घड्याळ उघडून मोडायची आणि कोणी विचारायच्या आत स्वतःच जाऊन सांगायची. तेव्हापासून घरात तिला सगळे स्क्रूताई म्हणतात.

घटना मागच्या वर्षीची. शनिवार होता. रात्र नव्हती, अंधार नव्हता. भर दुपार होती आणि बाहेर डोळे दिपवणारं ऊन.

ठिकाण म्हणजे तिचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक खोली. लांब टेबल, भिंगाचा दिवा, कोपऱ्यात बेसिन. ताई तिथे एकटीच काम करते.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ताईला किळस येत नाही. कीबोर्डखाली मेलेली झुरळं, पंख्यात चिरडलेली पाल, दूध सांडून आंबलेलं मशीन... सगळं ती साफ करते आणि हात धुऊन त्याच टेबलावर डबा उघडते. आम्हीच तिच्याकडे पाहून तोंड फिरवतो.

त्या शनिवारपासून ती दुकानात जेवलेली नाही.

सकाळी अकराच्या सुमारास एक बाई आली. पस्तिशीची असेल. केस घट्ट बांधलेले, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. लॅपटॉप तिने एका जुन्या टॉवेलात गुंडाळून आणला होता.

"यात दुसरी सिस्टीम टाकून हवी आहे," ती म्हणाली. "पण आधीची जशी आहे तशीच राहायला हवी."

"म्हणजे विंडोज तशीच, आणि शेजारी लिनक्स?"

"हो. नकाशे तयार करायचं काम मिळालंय, घरून करायचं. त्यांचं सॉफ्टवेअर त्यावरच चालतं. सोमवारी सुरू करायचंय." मग जरा थांबून म्हणाली, "सात वर्षांनी मिळालंय काम."

"आधीचं पुसून टाकलं तर तासाभरात देते. मशीनही पळेल."

बाईने मान हलवली. "सासऱ्यांचा आहे हा. दीड वर्ष झालं त्यांना जाऊन. बाबांचं काही पुसायचं नाही, असं आमच्या यांनी बजावलंय."

"मग तुमच्यासाठी दुसरा घ्यायचा."

"घरात एक आहे ना, म्हणतात."

ताईने वहीत नोंद केली. संध्याकाळी सहाला या, म्हणाली. बाईने टॉवेलाची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि गेली.

लॅपटॉप उचलला तेव्हा ताईच्या बोटांना काहीतरी चिकट लागलं. तिने हात पुसला आणि विसरून गेली.

आता हे काम काय असतं ते थोडक्यात सांगतो. डिस्क म्हणजे एक खोली समजा. त्यात दुसरं बिऱ्हाड आणायचं, तर आधीच्या भाडेकरूला थोडं सरकावं लागतं. आधी त्याचा भाग आकसून घ्यायचा, मग मोकळ्या झालेल्या जागेत नवी सिस्टीम टाकायची.

ही डिस्क अडीचशे जीबीची होती. भरलेली जेमतेम सत्तर. ताईला हवे होते शंभर. म्हणजे हसतखेळत होणारं काम.

तिने आकडा टाकला. स्क्रीनवर उत्तर आलं.

मोकळी करता येईल अशी जागा... शून्य.

हे अधूनमधून होतं. काही फाइली जागच्या हलत नाहीत, वाटेत बसून राहतात. ताईने त्या एकेक करून बंद केल्या. मशीन बंद करून परत सुरू केलं.

शून्य.

मग तिने पेनड्राइव्ह लावला आणि त्याच्यावरून मशीन चालू केलं. आता आतली सिस्टीम झोपलेली, आणि काम बाहेरून करायचं. या पद्धतीने अडलेली डिस्क निमूट सरकते, असा तिचा पंधरा वर्षांचा अनुभव.

सरकायला लागली. दहा टक्के. वीस. चाळीस.

त्रेचाळीसवर थांबली.

आणि तेव्हा ताईला आवाज आला.

चप्... चप्... चप्...

कोणीतरी तोंड उघडं ठेवून काहीतरी मऊ चावत होतं.

तिने खिडकी लावली. आवाज तसाच. टेबलावर कान नेला... आवाज लॅपटॉपमधून येत होता.

जुन्या डिस्कमध्ये चकती फिरते, ती खराब झाली की कुरकुरते. पण ही नव्या प्रकारची डिस्क होती. एक चिप. हलणारा भागच नाही. तिच्यातून आवाज येऊ शकत नाही.

चप्... चप्... मग दातात अडकलेलं काही जिभेने ओढून काढावं तसा लांब चोखल्याचा आवाज. मग गिळल्याचा.

पंख्यात काहीतरी अडकलं असणार, असं तिने स्वतःला बजावलं. मशीन बंद केलं आणि पालथं घालून मागचं झाकण उघडलं.

पंखा केसांनी गच्च भरला होता.

पंख्यात केस सापडतात. पण ते कोरडे असतात, धुळीत गुरफटलेले. हे ओले होते. पांढरे, आखूड, तेलकट. तिने चिमट्याने ओढले तर गुंता संपेचना. त्या गुंत्यातून टेबलावर काहीतरी टपटप पडलं.

नखं.

पायाची. जाड, पिवळी, अर्धवर्तुळाकार कापलेली. एकाला कातडीचा तुकडा चिकटलेला होता.

आणि मग वास आला. अंथरुणाचा वास. खूप दिवस न बदललेल्या चादरीचा, सुकलेल्या लाळेचा, मलमाचा, आणि त्या सगळ्याखाली दडलेला गोडसर, सडका असा एक वास. तो नुसता नाकात येत नव्हता, जिभेवर बसत होता.

ताईने तोंडाला रुमाल बांधला. सगळं खरवडून काढलं, ब्रशने घासलं, स्पिरिटने पुसलं, वाळवलं. पंखा आरशासारखा लख्ख केला. झाकण लावलं.

परत सुरुवात. दहा. वीस. चाळीस.

त्रेचाळीस.

चप्... चप्...

या वेळी बाजूच्या जाळीतून हवा बाहेर यायला लागली. गरम आणि दमट. थांबून थांबून. आत... बाहेर... आत... बाहेर. जाळीच्या कडेला एक थेंब जमा झाला. तो लोंबकळला, लांबला, पण तुटला नाही. तार धरून तसाच टेबलापर्यंत खाली आला.

रद्द करायला ताईने बटण दाबलं. बोट उचललं तर बटणावरून बोटापर्यंत तशीच तार ताणली गेली. सगळ्या कीबोर्डवर पातळ, पिवळट थर आला होता. थोड्याच वेळापूर्वी तिने कीबोर्ड स्वतः पुसला होता.

तिने परत झाकण उघडलं.

पंखा पुन्हा भरला होता.

ओल्या, पांढऱ्या केसांनी. गच्च. पहिल्यापेक्षा जास्त.

मधे अर्धा तासही गेला नव्हता.

ताई बेसिनपर्यंत पोहोचली आणि सकाळपासूनचं सगळं बाहेर आलं. तोंड धुताना तिच्या लक्षात आलं की तिच्या जिभेवर एक केस आहे. तिने तो बोटांनी ओढून काढला. आखूड आणि पांढरा होता.

ताईचे केस कमरेपर्यंत आहेत आणि अजून काळेभोर आहेत.

तिने बाईला फोन लावला. "तुमचा लॅपटॉप घेऊन जा. मला हे काम जमणार नाही."

पंधरा मिनिटांत बाई आली. धापा टाकत. दारातच ताईने तिला विचारलं, "तुम्हाला वास येतोय का?"

बाईने श्वास आत घेतला. "कसला?"

तिला खरंच येत नव्हता.

टेबलावर वर्तमानपत्रावर काढून ठेवलेला केसांचा गोळा आणि नखं तिने पाहिली. दचकली नाही. फक्त तिचे खांदे खाली आले... काम संपलं म्हणून हात धुवावेत आणि तेवढ्यात परत हाक यावी, तसे.

"सासरे कसे गेले?" ताईने विचारलं.

"झोपेतच. पण पाच वर्षं अंथरुणाला होते. हा लॅपटॉप सतत पोटावर. जेवणही त्याच्यावरच. सगळं मीच करायचे, यांना बघवत नसे." बोलता बोलता ती खुर्चीत बसली. "हॉलमध्ये त्यांचा पलंग. मला कोपऱ्यात एक छोटं टेबल लावायचं होतं, परीक्षा द्यायची होती. तर म्हणायचे, इथे जागा नाही."

ताईने झाकण लावून लॅपटॉप सुलटा केला. रद्द करूनही स्क्रीनवर त्रेचाळीसचा आकडा तसाच होता.

"कुठे अडलंय?" बाईने विचारलं.

"आधीचा भाग सरकत नाहीये."

बाईने बाह्या पुन्हा वर सारल्या. मग म्हणाली, "कोमट पाणी मिळेल का थोडं? आणि एक मऊ फडकं."

"पाण्याने बिघडेल तो."

"पिळून घेते."

किटलीतलं पाणी ताईने वाटीत दिलं. बाईने कोपराला लावून ते किती गरम आहे ते पाहिलं. फडकं भिजवलं, घट्ट पिळलं आणि कीबोर्ड पुसायला घेतला. बटणांच्या फटीतून, कडेकडेने, हळू. एखाद्याच्या मानेच्या वळ्या पुसाव्यात तसं. फडकं पिवळं झालं. तिने ते धुतलं, पिळलं, परत पुसलं. वाटीतल्या पाण्यावर साय धरली.

चावण्याचा आवाज थांबला होता.

मग तिने एक हात लॅपटॉपच्या खाली घातला, दुसरा वर ठेवला आणि अगदी साध्या, कामातल्या आवाजात म्हणाली,

"बाबा, कुशीवर व्हा जरा. झालंच."

काही झालं नाही.

"सरका. मलाही टेकायला जागा हवी ना."

आधी ताईला कण्हण्याचा आवाज आला. मग करकर... वजन हलल्यावर लोखंडी पलंग वाजतो तशी. दुकानात पलंग नाही.

चव्वेचाळीस.

पंचेचाळीस. पन्नास. सत्तर.

बाईने हात काढला नाही. शंभर होईपर्यंत तशीच धरून उभी राहिली. तिचं मनगट थरथरत होतं, वजन पेलल्यासारखं. तो लॅपटॉप दोन किलोचाही नव्हता.

नवी सिस्टीम टाकायचं पुढचं सगळं काम वीस मिनिटांत झालं. एकही अडचण नाही. मशीन सुरू केल्यावर दोन नावं आली, वर जुनी सिस्टीम, खाली नवी. बाईने खालची उघडली. स्वच्छ, रिकामा पडदा. ती त्याच्याकडे बघून हसली. दिवसभरात पहिल्यांदाच.

"माझी," ती म्हणाली.

ताईने तिला दारातच थांबवलं. "हे बघा, मला यातलं काही कळत नाही. पण तुम्ही हा वापरू नका. मी तुम्हाला माझ्याकडचा एक जुना देते, काम होईपर्यंत ठेवा."

"नको हो. यांना काय सांगू?" तिने लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला. अंगावर नीट पांघरूण घालावं तसा, चारी बाजूंनी खोचून. आणि जिना उतरून गेली.

ती वाटी ताईने बाहेर नेऊन टाकली. फडकं टाकलं. टेबल तीनदा धुतलं. तिसऱ्या दिवशी खालच्या चष्मेवाल्याने वर येऊन विचारलं, "वर कोणी आजारी आहे का? जिन्यात औषधांचा वास येतोय."

अकराव्या दिवशी बाईचा फोन आला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. तुम्ही माझ्या भागाला शंभर जीबी दिले होते ना?"

"हो."

"आज सकाळी एकसष्ट दिसत होते."

एकदा आखलेला भाग आपोआप कमी होत नाही. कोणीतरी मुद्दाम सरकवल्याशिवाय ते होऊच शकत नाही. "तुमचं काम लगेच दुसरीकडे कॉपी करा. आणि बंद करा तो."

"अहो, काम छान चाललंय. साहेब म्हणाले, पुढच्या महिन्यापासून कायम करतो." तिच्या आवाजात खरा आनंद होता. मागे नळ वाहत होता, ती हात धुताधुताच बोलत असावी. "आणि बाबांना सांगितलं की सरकतात ते. रोज सकाळी पुसून घेते, सांगते, परत शंभर होतात. पण आज नुसतं सांगून भागलं नाही."

"मग?"

"मग हात घालावा लागला."

दूध उतू गेलं म्हणून गॅस बंद करावा लागला, असं सांगावं, तितक्या सहज ती हे बोलली. नळ वाहतच होता. ताई तो आवाज ऐकत राहिली... खूप वेळ. एवढा वेळ कोणी हात धूत नाही.

हात कुठे घातला, हे विचारायचं धाडस ताईला झालं नाही. ती हे सगळं मला सांगत असताना मी ते विचारायला तोंड उघडलं, तर ती मधेच उठून मोरीकडे गेली.