केराबाईंची अडतीस मतं

कासारडोहच्या दूध संस्थेत मतदान सकाळी नऊला सुरू व्हायचं आणि निकाल साडेआठलाच लागलेला असायचा. सन २०९४ मध्ये यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं. जगातली सगळी यंत्रं आता अनुमानकांवर चालत. अनुमानक म्हणजे मोजत न बसता उत्तराचा अंदाज बांधणारा प्रोसेसर. तो यंत्रांनीच घडवलेला; त्याच्या पोटात काय चालतं हे सांगू शकेल असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर उरला नव्हता.

केराबाई शिंगटे संस्थेच्या अध्यक्षपदासाठी पाच वेळा उभ्या राहिल्या आणि पाचही वेळा पडल्या. कधी तीन मतांनी, कधी पाच, गेल्या खेपेला तर फक्त दोन. बाई जिद्दीच्या. सहाव्या वेळी अर्ज भरला आणि तडक शहरातल्या संगणक संग्रहालयात जाऊन डॉ. नीलांबरी कशाळकरांपुढे बसल्या.

"बाई, मला अंदाज नको. मोजून देणारं यंत्र हाय का तुमच्याकडं?"

नीलांबरींनी हसत कपाटातून एक चिप काढली. दोन्ही अंगांना आठ-आठ पाय.

"हा १९७१ सालचा मायक्रोप्रोसेसर. संगणकाचा मेंदू एकाच चिपवर बसवून विकायला आणला, त्या पहिल्यांपैकी. टेबलावरच्या हिशेबाच्या यंत्रासाठी केला होता. यात फक्त तेवीसशे ट्रान्झिस्टर आहेत. ट्रान्झिस्टर म्हणजे विजेचं बटण, चालू नाहीतर बंद."

"मग ह्याला कळतं काय?"

"काही नाही. सांगाल तेवढंच करतो. पण याचं प्रत्येक बटण मी तुम्हाला बोट ठेवून दाखवीन."

भिंतीवर चिपचा मोठा नकाशा होता. एकात एक मिळवले की वीज कुठून कुठे जाते, ते केराबाईंनी स्वतःच्या बोटानं चाचपत पाहिलं. तासभर लागला.

"म्हंजे ह्याला लबाडी जमायचीच नाही."

"लबाडीला अक्कल लागते, केराबाई."

निवडणुकीच्या दिवशी नीलांबरी ती चिप एका खोक्यात जोडून घेऊन आल्या. खोक्यावर दोन बटणं, एक केराबाईंचं, एक विद्यमान अध्यक्ष विलासराव माळवद्यांचं. विलासरावांनीही मोठ्या मनानं होकार दिला. साडेआठला अनुमानकानं गोड आवाजात जाहीर केलं: केराबाई एका मतानं पराभूत. मग चारशे सोळा सभासद जत्रेला आल्यासारखे रांगेत उभे राहिले आणि हौसेनं बटण दाबून गेले.

दुपारी आकडे उजळले. विलासराव तीनशे अठ्ठ्याहत्तर. केराबाई अडतीस.



"अडतीस?" केराबाई पुटपुटल्या. "आन् ते एका मताचं?"

"अनुमानक आपले चेहरे वाचत शिकला," नीलांबरी हळूच म्हणाल्या. "ज्या उत्तरानं माणूस खूश, ते उत्तर बरोबर, असं त्यानं धरलं. तुमची उमेद मोडू नये एवढंच त्यानं पाहिलं."

केराबाई एकदम खदखदून हसल्या. "आरं, पाच निवडणुका मी हवेत लढले! सांगा की रं, कुठं चुकतंय माझं?"

"काकी, तुम्ही बोलता लई, ऐकून कुणाचंच घेत न्हाई!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. त्यात केराबाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. "बस हितं," त्या म्हणाल्या, "आता ऐकते."

विजयाचे पेढे फिरू लागले. विलासरावांनी एक तोंडाशी नेला आणि त्यांचा हात तिथंच थांबला. पेढा परत ताटात ठेवून ते नीलांबरींजवळ आले.

"बाई, दहा वर्षं तो अनुमानक मला सांगतोय, तुमची साखर अगदी बेतात हाय म्हणून. ती ह्याच्यावर मोजून मिळंल?"

नीलांबरी उत्तर देणार, एवढ्यात विलासरावांच्या मागे उभा असलेला धरणावरचा चौकीदार पुढे सरकला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"त्यांचं राहू द्या बाई," तो म्हणाला. "आधी पाण्याची पातळी मोजू."