कठडा झाकणारी बाई

त्या दिवशी मी बाबांकडे गेले ती फक्त पार्सल पोचवायला. जुन्या पोस्टकार्डांचं पार्सल. बाबांना दुसरं लागतं काय? जुन्या बागा, जुने पूल. नुसत्या दिव्याच्या खांबावरून ते कार्डाचं साल सांगतात आणि संग्राहक मंडळातले म्हातारे माना डोलावतात. आई जन्मभर म्हणत राहिली, यातली एखादी बाग मला एकदा तरी दाखवा. "बघू," म्हणायचे. ती गेली, त्याला वर्ष झालं.

दिवेलागणीची वेळ. खोलीत कागदाचा कुबट वास कोंडलेला. बाबांनी चिमट्याने पहिलं कार्ड उचललं, भिंगाखाली धरलं आणि चरफडले.

"पुन्हा हीच बाई! मागच्या पार्सलातल्या बागेच्या कार्डात लांब होती, कारंज्यापाशी. आता तर अख्खा कठडाच झाकलाय हिने."

मी वाकून पाहिलं. शंभर वर्षांपूर्वीचा पूल, धुकं. आणि पुलावर आई. काखेत पर्स, दुखरा गुडघा सांभाळत एका पायावर भार. अंगात राखाडी स्वेटर, कोपराला ठिगळ. ते ठिगळ मीच लावलं होतं.

"बाबा... नीट बघा. कोण आहे ती?"

"असेल कोणीतरी. तू खांब बघ, गॅसचे आहेत."

"खांब गेले खड्ड्यात! तीस वर्षं जिच्या हातचं जेवलात..."

"ओरडू नकोस. कार्डावर थुंकी उडते."

खरं सांगते, कार्डातल्या आईपेक्षा मला भिंगामागच्या त्या कोरड्या डोळ्याची भीती वाटली. मी दिवा जवळ ओढला, त्यांचा हात धरून भिंग तिच्या चेहऱ्यावर आणलं.

"एकदाच, बाबा. एकदा तरी ओळखा तिला."

ते बराच वेळ बघत राहिले. कुठूनतरी पाण्याचा आवाज येत होता, पुलाखालून वाहतं तसा. नळ तर बंद होता.

"छे," ते पुटपुटले. "हिला नाही बुवा ओळखत. पण..." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा भिंगात. "हिच्यासोबतची ही मुलगी... तू कधी गेली होतीस गं तिथे?"

मी भिंग हिसकावलं. पुलावर आई एकटीच होती. आता तिची पाठ आमच्याकडे होती, आणि एक हात मागे ताणलेला, हट्टी पोरीला ओढत न्यावं तसा.