आत्याला सांगितलेलं कारण

विस्तव जवळ ओढा आणि मध्ये तोंड घालू नका. आपल्या विनोद मास्तरवर गुदरलेली गोष्ट आहे, गेल्या मार्गशीर्षातल्या अवसेची.

पाहुण्याला डहाणू स्टेशनवर सोडून मास्तर मोटरसायकलने परतत होता. विवळवेढ्याचं देऊळ मागे पडलं, हायवे सोडून तो पाड्याच्या रस्त्याला लागला. त्याच रस्त्यावर त्याच्या सुकीआत्याचं पडकं घर. दिवसासुद्धा तो तिकडे मान वळवत नसे.

का, ते सांगतो. आदल्या हिवाळ्यात धरणी सारखी हादरायची. सगळा पाडा बाहेर ताडपत्रीखाली निजायचा. मास्तर शाळेत विज्ञान शिकवतो. त्याने आत्याला समजावलं, की पावसाचं पाणी खडकाच्या जुन्या भेगांत खोल मुरतं, दाब वाढतो, खडक सरकतो. भूत नाही, देवीचा कोप नाही. पाणी जिरलं की धक्के थांबतील, थंडीत कुडकुडू नकोस, घरात नीज. भाचा शिकलेला, म्हणून म्हातारी आत निजली. त्याच रात्री विटामातीची भिंत तिच्यावर आली.

कारण त्याने खरंच सांगितलं होतं. पण कारण कळलं म्हणजे वेळ कळते, असं थोडंच आहे? आत्याला आपण मारलं, हे त्याला आतून खात होतं. बोलला मात्र तेव्हा कुणाशीच नाही.

तर त्या अवसेला गाडी नेमकी तिथेच बंद पडली. किक मारली... नाही. पुन्हा मारली... नाही. रातकिडेही गप्प.

उंबऱ्यावर कोणीतरी बसलेलं.

"विनोद," आत्याचाच आवाज. "पानी जिरला का रं?"

त्याने पुन्हा किक मारली.

"आता घरात निजू का?"

मास्तरने हात जोडले. "आत्या, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असल्यासारखा बोललो."

उंबरा रिकामा.

गाडी चालू झाली. घरी येऊन त्याने कडी लावली आणि कुणाला काही न सांगता बायकोपोरीशेजारी आडवा झाला.

पहाटे बायकोने, निर्मलाने, त्याला हलवून उठवलं. अंथरुणात लहानगी प्राजक्ता नव्हती. कडी आतून तशीच. दार उघडून बघतात तो पोर अंगणात, भिंतींपासून लांब, गाढ झोपलेली. त्या रात्री धक्का बसलाच नव्हता. घराचा टवकाही उडाला नव्हता.

पण लेकराला उचलताना आपण जिथे धरतो ना, त्या दोन्ही काखांखाली झग्यावर मातीची बोटं उमटली होती. माती अजून ओली होती.