तिसऱ्या बाकावरची जागा

छापखान्यात चौतीस वर्षं त्यानं रंग तपासले. छापलेल्या चित्रावर भिंग टेकवायचं, लाल वाढलाय की निळा घसरलाय ते बघायचं आणि सही ठोकायची. भिंगाखाली राजाही ठिपके आणि राक्षसही ठिपकेच, त्यामुळे चित्रांचं त्याला कधी कौतुक वाटलं नाही. बायकोचं नेमकं उलटं. उडत्या शहरांच्या, दोन चंद्रांच्या अद्भुत कादंबऱ्या म्हणजे तिचा जीव की प्राण. "पुराणातली वांगी पुराणात," असं तो चिडवायचा. ती खुशाल पान उलटायची.

दोन वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली. दवाखान्यांत हा गाडी लावून येईपर्यंत ती चाचपडत बाक गाठायची, शेजारी निळी शाल ठेवून याची जागा धरायची आणि विचारणाऱ्याला सांगायची, "ते येताहेत." शेवटच्या डॉक्टरांनीही हात टेकले, तशी ती बोलेनाशी झाली. जेवण दोन घासांवर आलं. आपल्या डोळ्यांदेखत ती विझत चाललीय, या भीतीनं त्याला काही सुचेना.

शेवटी त्यानं तिचं सगळ्यात लाडकं पुस्तक काढलं. रोज दुपारी चारला, खिडकीपाशी, कारण रंग दिवसाउजेडीच बघावा हा त्याचा धंद्यातला नियम. आधी मुखपृष्ठाचं वर्णन, मग एक प्रकरण. चित्रात ढगांवरून गेलेला दगडी पूल, त्यावर पाच रिकामी बाकं आणि पलीकडे मनोऱ्यांचं शहर. रंगवून सांगणं त्याला कुठलं जमायला, तो आपला मोजून सांगायचा. तरी आठवड्याभरात ती पोटभर जेवू लागली.

एक दिवस ती म्हणाली, "दुसऱ्या बाकाच्या पायाशी गवत उगवलंय. ते नाही सांगितलंत."

त्यानं हसून भिंग लावलं. गवत होतं. छपाईच्याच चार रंगांचे ठिपके, अगदी चोख बसलेले. आपल्याच नजरेतून सुटलं असेल, असं त्यानं मनाला समजावलं. पण इतक्या वर्षांत त्याच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं. पुस्तक त्याच्याच छापखान्यात छापलेलं; दुसऱ्या दिवशी तो तिथं गेला आणि त्याच छपाईची दुसरी प्रत घेऊन आला. तिच्यातल्या बाकापाशी गवताचं पातंही नव्हतं.

तिला त्यानं काही सांगितलं नाही. घास पोटात जातोय ना, मग कशाला उगाच खोदून काढायचं.

मग ती सांगायची आणि तो तपासायचा. मनोऱ्याच्या वरच्या खिडकीत दिवा लागलाय, म्हणाली. लागला होता. पुलाखालचे ढग बाजूला झालेत, म्हणाली. त्यानं भिंग टेकवलं तर ढगांच्या फटीतून खोल खाली एक समुद्र दिसत होता, त्यावर सोनेरी उजेड हळूहळू सरकत होता. ठिपके कुठे दिसेनातच. आयुष्यात इतकं सुंदर त्यानं काही पाहिलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या, आणि बायको जन्मभर काय वाचत होती हे त्याला त्या दुपारी कळलं.

"शर्टाचं बटण चुकीच्या काजात घातलंत," ती म्हणाली.

त्यानं खाली पाहिलं. खरंच होतं. ती मात्र खोलीच्या दुसऱ्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून बसली होती.

"आणि किती वाळलात हो. इथून स्पष्ट दिसतंय."

त्यानं पुस्तक पालथं घातलं.

"अंधार का केलात?"

दोन वर्षांत अंधाराबद्दल तिनं एका शब्दानं तक्रार केली नव्हती. त्यानं पुस्तक सरळ केलं आणि तिनं सुटकेचा श्वास टाकला.

तेव्हापासून ते पुस्तक खिडकीत उभंच असतं. ती नीट जेवते, गुणगुणते. फक्त हाक मारली की उत्तर जरा उशिरा येतं, आणि रोज थोडं अधिक उशिरा.

आज चारला त्यानं हाक मारली. उत्तर आलंच नाही.

त्यानं भिंग टेकवलं.

तिसऱ्या बाकावर एक बाई पाठमोरी बसली होती. केस पांढरे. शेजारच्या जागेवर निळी शाल, नीट घडी करून ठेवलेली.

मागून, खुर्चीतून, बायकोचा आवाज आला. तो त्याच्यासाठी नव्हता. दवाखान्यातल्या बाकावर कुणी विचारल्यावर ती बोलायची, अगदी तसा.

"ते येताहेत."