न मागितलेली क्षमा

"नाही म्हणू नकोस गं सूनबाई... माझ्या धाकट्याला पाण्यात उतरवायचं ते तुझ्याच हातानं," असं म्हणत सासूबाईंनी बाप्तिस्म्याचा पांढरा झगा पुढे केला, आणि ती मुकाट्यानं इस्त्री करू लागली. दुसरं काय करणार होती बिचारी?

त्यांच्या ख्रिस्ती मंडळीत रीतच होती. बाप्तिस्मा घेणाऱ्याला चर्चच्या हौदात एका बाजूनं पाळक, म्हणजे धर्मगुरू, धरणार, दुसऱ्या बाजूनं घरचं माणूस. दिरानं तिचंच नाव सांगितलं होतं.

दोघे भाऊ रंगारी. थोरला, म्हणजे तिचा नवरा, शिडीवर चढायचा आणि धाकटा खाली शिडी धरून उभा राहायचा. एके दिवशी धाकटा शिडी सोडून गेला आणि थोरला खाली कोसळला तो पुन्हा उठलाच नाही. कबरीत माती लोटण्याआधी पाळकांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं होतं, "बाई, दिराला क्षमा केलीस ना?" सारी मंडळी तिच्या तोंडाकडे बघत होती. "केली," ती म्हणाली.

झालं! सगळीकडे तिचा उदो उदो झाला. बायका आपल्या सुनांना तिचा दाखला देऊ लागल्या. आणि इकडे ती त्या एका शब्दात कायमची कोंडली गेली. एकाच घरात राहायचं, त्याला जेवायला वाढायचं, त्याचे रंगानं माखलेले कपडे धुवायचे, आणि मनातला संताप देवाजवळही बोलायची चोरी... कारण क्षमा तर केव्हाच करून झाली होती! श्रद्धा नसती तर तिनं हेही रेटून नेलं असतं. पण बाप्तिस्म्याच्या पाण्यात जुना माणूस पुरला जातो आणि नवा वर येतो, यावर तिचा मनापासून विश्वास होता. तिथं खोटं घेऊन कसं उतरायचं? आणि खरं बोललं, तर सासूबाईंचा उरलेला मुलगा बाप्तिस्म्याविना कोरडाच परत जाणार.

रविवारी ती हौदात उतरली. पाणी कमरेपर्यंत होतं. पाळकांनी दिराचा खांदा धरला आणि तिच्याकडे पाहिलं. तिला हात काही केल्या उचलवेना.

"थांबा, पाळकसाहेब," ती म्हणाली. "मी यांना क्षमा केलेली नाही. त्या दिवशी लोकांच्या भीतीनं बोलले."

मंडळीत कुजबुज उठली. सासूबाईंनी पदर तोंडाशी धरला. दीर मात्र तिच्याकडे वळला.

"मला ठाऊक आहे, वहिनी. मी मागायच्या आधीच तुम्ही देऊन टाकलीत, मग मी कुठल्या तोंडानं मागणार होतो? म्हणून तर तुम्हालाच बोलावलं..." त्यानं हात जोडले. "मी सिगरेट ओढायला गेलो होतो. दादानं हाक मारली, शिडी हलतेय म्हणाला. मला ऐकू आलं होतं, वहिनी. हातातली संपवून जाऊ म्हटलं... हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला क्षमा करा."

हाक ऐकू आली होती! तिला वाटलं, याला इथंच टाकून निघून जावं, आणि आता कुणी तिला अडवलंही नसतं. दफनाच्या दिवशी जे रडू तिनं गिळलं होतं, ते त्या थंड पाण्यात, सगळ्यांदेखत, हमसून हमसून बाहेर आलं. पाळकांनी मान खाली घातली. त्यांनाही आपली चूक उमगली असावी.

शेवटी तिनं ओल्या हातानंच डोळे पुसले.

"राग अजून आहे, भाऊजी," ती म्हणाली. "पण आता तुम्ही मागितलीत, आणि मला द्यायची आहे. कुणाच्या सांगण्यावरून नाही... मी क्षमा करते."

तिनं त्याच्या मानेखाली हात घातला.

"श्वास धरा," ती म्हणाली, आणि पाळकांबरोबर तिनं त्याला पाण्यात बुडवलं.