वासेनचं चर्च तीनदा दिसतं

दिवा जरा जवळ घे, सांगतो. मात्र त्यातलं मला काय कळलं, ते विचारू नकोस.

आल्प्सच्या डोंगरातल्या आमच्या वासेन गावाला आगगाडी तीनदा भेटते. डोंगर चढताना ती बोगद्यांतून वळसे घेते, त्यामुळे प्रवाशांना आमचं चर्च आधी वर, मग समोर आणि शेवटी खाली दिसतं. जुलैत एक माणूस इंजिनाच्या पुढ्यात यंत्र बांधून हलती चित्रं काढत गेला. आम्ही सगळ्यांनी चर्चच्या आवारातून टोप्या हलवल्या. माझी बायको रेगुला हिवाळ्यापासून खोकत होती, तीही हट्टाने आली.

ऑक्टोबरात एका रविवारी दुपारी, खानावळीच्या खिडक्या लावून त्याच माणसाने ते चित्र दाखवलं. पडद्यावरचे रूळ असे अंगावर आले की म्हाताऱ्यांनी पाय वर घेतले. मग वर चर्च दिसलं, आणि तिथे आम्ही.

"काश्पार, आधी तुझं पोट आलं, मागून तू," मी शेजाऱ्याला म्हणालो. सगळे हसले.

बोगद्यात काही दिसत नाही म्हणून चित्रं काढताना तिथे त्याने यंत्र थांबवलं होतं. त्यामुळे पडदा क्षणभर काळा झाला आणि चर्च एकदम समोर आलं. आता टोप्या हातात होत्या, कपडे काळे होते.

"हे कधीचं?" काश्पार पुटपुटला. "त्या दिवशी तर कुणी वारलं नव्हतं..."

"टोप्या हलवल्या नि आपण कॉफीला घरी गेलो," मी म्हणालो. निदान मला तसंच आठवत होतं.

तिसऱ्यांदा चर्च खाली होतं. आवारात एक शवपेटी खड्ड्यात उतरत होती.

चित्र दाखवायच्या यंत्राचा दांडा खरखरत फिरत होता. त्यातल्या तापलेल्या दिव्याचा वास नाकात बसला होता. मग जो तो स्वतःला शोधू लागला.

"मी आहे... भिंतीपाशी..."

"मीही आहे..."

मी सापडलो, खड्ड्याच्या काठाशी. शेजारी रेगुला नव्हती, आवारात कुठेच नव्हती.  खानावळीत ती माझ्याजवळच बसली होती; मी तिचा हात घट्ट धरला आणि खोटंच म्हणालो, "ती बघ तू, माझ्या शेजारी."

"मी दिसले रे. काठाशीच आहे." ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "पण बाल्त्स... तू कुठे आहेस?"

बाहेर आल्यावर काश्पारला विचारलं, तुला आमच्यातलं कोण दिसलं? तो म्हणाला, "मी मलाच शोधत होतो."

तेव्हापासून ती मला जाड मोजे घालायला लावते, मी तिला गरम दूध पाजतो. गाडीची शिट्टी तिसऱ्यांदा वाजली की आम्ही एकमेकांकडे बघतो. दोघांनीही नीट पाहिलं होतं. पेटी एकच होती.